नाणेघाट : राणी, रांजण आणि माझे नाव



या वेळच्या भित्तिपत्रकाला गुरुजींनी विषय दिला आहे, ‘जगातील पाहण्याजोगी पण फारशी कोणाला माहीत नसलेली ठिकाणे’. ताजमहाल, आयफेल टॉवर, पिरॅमिड चालणार नाहीत अशी अटही घातली. झाले! जो तो नकाशाच्या पुस्तकावर तुटून पडला. एकाने टांझानियातले नेट्रॉन सरोवर घेतले. त्याचे पाणी इतके खारट आणि दाहक की माणूस त्यात उतरत नाही, आणि तिथेच लहान रोहित पक्षी लाखोंनी घरटी करतात. आपल्या ऐरोलीच्या खाडीत हिवाळ्यात गुलाबी दिसणाऱ्या पाखरांचीच ही जात. मुलींनी अरबी समुद्रातले सोकोत्रा बेट घेतले. त्यांचा कागद याच फळ्यावर उजव्या हाताला आहे, तो जरूर वाचा, कारण मला पुढे त्याची गरज लागणार आहे.

मी मात्र नाणेघाट घेतला. गुरुजी म्हणाले, “अरे, जगातले ठिकाण म्हटले होते.” मी म्हणालो, “गुरुजी, नाणेघाट जगातच आहे.” वर्ग हसला, पण विषय मंजूर झाला.

हा विषय घ्यायला दोन कारणे आहेत. पहिले सगळ्यांना ठाऊक आहे. जानेवारीतल्या सहलीसाठी दोन नावे निघाली आहेत, एक पाण्याच्या खेळांची बाग आणि दुसरे नाणेघाट. पालकांच्या सभेत नाणेघाटाचे नाव निघाले तेव्हा एक बाई उठून म्हणाल्या, “दगडं बघायला पोरांना एवढ्या लांब कशाला न्यायचं? डोंगर काय पारसिकचा नाही आपल्याकडं?” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या बाई म्हणजे माझी आईच. तेव्हा तिथे नुसते दगड नाहीत, हे मला लिहून दाखवायचे आहे. दुसरे कारण सांगायला जरा जड जाते आहे. ते पुढे येईल.

घाट कुठे आहे

आपण कोकणात राहतो. कोकणाची पट्टी आणि वरचा देश यांच्यामध्ये सह्याद्रीची भिंत उभी आहे. खालून वर जायचे तर भिंतीत कुठेतरी खाच हवी. अशी एक खाच मुरबाड तालुक्याच्या टोकाला आहे, तोच नाणेघाट. घाटाचा पायथा ठाणे जिल्ह्यात आणि माथा पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर तालुक्यात. माथ्यावरचे गाव घाटघर. शेजारी जीवधन किल्ला उभा असतो. घाटाच्या डोक्यावर कातळाचा एक मोठा सुळका आभाळात घुसल्यासारखा दिसतो, त्याला नानाचा अंगठा म्हणतात. नाना आणि गुणा अशा दोन भावांनी पैज लावून घाट खोदायला घेतले आणि नाना जिंकला, अशी एक गोष्ट सांगतात. गोष्ट छान आहे, पण माझा तिच्यावर विश्वास नाही.

आपल्याकडून जायचे तर घणसोलीहून गाडीने ठाणे, ठाण्याहून कल्याण, आणि कल्याणहून माळशेजकडे जाणाऱ्या एसटीने मुरबाड, टोकावडे करत वैशाखऱ्याच्या पुढे उतरायचे. तिथून झाडीतून पायवाट सुरू होते. आधी सपाटी, मग चढ, मग दगडी पायऱ्या. मोठ्या मुलांना अडीच-तीन तास लागतात.

आता या पायऱ्या कोणी कशासाठी केल्या असतील? जंगलात, डोंगरावर, जिथे गाव नाही तिथे?

त्याचे उत्तर कल्याणात आहे. आज आपण कल्याणला लग्नाच्या खरेदीला जातो किंवा गाडी बदलतो. दोन हजार वर्षांपूर्वी ते उल्हासच्या खाडीवरचे बंदर होते. वसईजवळचे सोपारे हे दुसरे बंदर. तांबड्या समुद्रातून जहाजे येत. त्या काळी ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या एका माणसाने खलाशांसाठी एक मार्गदर्शक पुस्तक लिहिले. त्याचे स्वतःचे नाव कोणाला माहीत नाही, पण पुस्तक टिकले. त्यात सोपारे आहे, पैठण आहे, तेर आहे, आणि आपले कल्याण ‘कल्लिएना’ म्हणून आहे. मौज म्हणजे तो खलाशांना सावध करतो की सध्या कल्याणला जाऊ नका, तिथे ग्रीक जहाज लागले तर पहारा बसवून त्याला भडोचला नेतात. म्हणजे बंदरावरची अडवणूक तेव्हाही होतीच!

कल्याणला उतरलेला माल देशावर जुन्नरला, तिथून पैठणला न्यायचा, तर मध्ये सह्याद्री. माल बैलांच्या आणि गाढवांच्या पाठीवर चढायचा तो याच घाटाने. पलीकडच्या देशांतली दारूची लांबट मातीची भांडी नेवाशाच्या उत्खननात सापडली आहेत. इकडचा माल तिकडे किती दूर जाई त्याचाही पुरावा आहे. मिसरमध्ये तांबड्या समुद्राच्या काठी बेरेनिके नावाचे उजाड झालेले बंदर आहे. तिथल्या देवळात भारतीय घडणीच्या एका मोठ्या रांजणात साडेसात किलो काळी मिरी जशीच्या तशी मिळाली. ती मिरी केरळाकडची, नाणेघाटातली नव्हे, हे कबूल. पण समुद्र तोच आणि वारे तेच.

माथ्यावर काय आहे

चढ संपत आला की खिंडीच्या तोंडाशी एक लेणे लागते. आपल्या वर्गापेक्षा थोडे मोठे, चौकोनी, तिन्ही बाजूंना बसायला दगडी ओटे. आधी वाटते, वाटसरूंनी टेकायची जागा असेल. मग डोळे अंधाराला सरावतात आणि डाव्या-उजव्या भिंतीवर अक्षरे दिसू लागतात. एक ओळ नाही, दोन नाही, भिंतीच्या भिंती भरलेल्या आहेत.

ती लिपी ब्राह्मी आणि भाषा प्राकृत, म्हणजे आपल्या मराठीची फार जुनी आजी. आपण आज जी देवनागरी लिहितो ती याच ब्राह्मीतून हळूहळू बदलत आली. मधल्या काळात ब्राह्मी वाचणारेच उरले नव्हते. जेम्स प्रिन्सेप नावाच्या इंग्रज माणसाने 1837 साली ती पुन्हा उलगडली. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नाणेघाटाचे लेख वाचले. गुरुजींनी आम्हाला ब्राह्मीची थोडी अक्षरे शिकवली आहेत. क म्हणजे अधिकची खूण. ग म्हणजे घराचे उतरते छप्पर. ठ म्हणजे नुसते वाटोळे. एवढी तीन आली तरी तिथे गेल्यावर ओळखीची माणसे भेटल्यासारखे वाटेल.

लेख आहे एका राणीचा. तिचे नाव नागनिका, लेण्यात ते नायनिका असे कोरले आहे. ती सातवाहन राजा सातकर्णी याची राणी. नवरा गेल्यावर मुले लहान, तेव्हा कारभार तिने पाहिला असे अभ्यासक सांगतात. लेखात आरंभी देवांना नमस्कार आहेत, मग राजाराणीने केलेल्या यज्ञांची आणि दानांची यादी आहे. अश्वमेध आहे, राजसूय आहे. गाई किती दिल्या, हत्ती किती, घोडे किती, कार्षापण म्हणजे त्या वेळची नाणी किती, सगळे आकडे टाकून लिहिले आहे. एखाद्या संस्थेचा वार्षिक अहवालच म्हणा ना.

आणि ते आकडे हीच खरी गंमत. भारतात कोरलेले जे सगळ्यात जुने आकडे आहेत त्यांत नाणेघाटाचे आकडे येतात. पण ते आपल्यासारखे लिहिलेले नाहीत, कारण त्यात शून्य नाही. दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी. चार हजार लिहायचे तर हजाराची खूण काढायची आणि तिला चाराची खूण जोडायची. एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन आडव्या रेघा. गणिताच्या तासाला मी असे लिहून सतरा हजारांतून नऊशे वजा करून पाहिले. हातचा कुठे घ्यायचा तेच कळेना! शून्य नसलेल्या काळात कारकुनांची काय दशा होत असेल, देव जाणे.

समोरच्या, म्हणजे आतल्या भिंतीवर एकेकाळी पुतळे होते, राजघराण्यातल्या माणसांचे. आज पुतळे नाहीत. कोणी फोडले, की झिजले, आता कोण सांगणार! तळाशी पावलांच्या खुणा तेवढ्या राहिल्या आहेत. पण प्रत्येकाच्या डोक्यावर नाव कोरले होते, त्यातली बरीच नावे शाबूत आहेत. सिमुक सातवाहन. देवी नायनिका आणि राजा सिरि सातकनि, दोघे एकत्र. कुमार भाय. महारठि त्रनकयिर. कुमार हकुसिरि. कुमार सातवाहन. महारठि या शब्दाचे आणि महाराष्ट्र या नावाचे नाते असावे असे काही विद्वान म्हणतात. त्यात ठ आहे, म्हणजे भिंतीवर ते वाटोळे शोधायचे. माणूस गेला, पुतळाही गेला, डोक्यावरचे नाव राहिले, असे मी तरी दुसरीकडे पाहिलेले नाही.

लेण्यातून पुढे गेले की दोन कातळांमधली अरुंद खिंड, आणि तिच्यातून वर निघाले की पठार. एकदम वारा लागतो. तिथे मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी या रांजणात टाकत, म्हणून नाणेघाट, असे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. आमच्यातल्या दोघांनी त्यात डोकावून पाहिले, आत पावसाचे पाणी होते.

पावसाळ्यात इथे उलटा धबधबा दिसतो. कड्यावरून पाणी खाली पडायला निघते, पण कोकणातून येणारा वारा कड्यावर आपटून सरळ वर चढतो आणि पाण्याला उचलून परत माथ्यावर फेकतो. आपण खाली पाहावे आणि पाणी तोंडावर यावे! हल्ली पावसाळ्यात जी गर्दी होते ती याच्यासाठी. तीही बघायची गोष्ट आहे, नाही असे नाही. पण लेण्यासमोरून लोक छत्र्या सावरत पळत जातात आणि आत कोणी पाहत नाही. मी तरी कुठे पाहिले होते?

आता दुसरे कारण

दोन वर्षांपूर्वी मी मामाबरोबर नाणेघाटात गेलो होतो. पाचवीत होतो. तेव्हा मला यातले काहीच माहीत नव्हते. जुलै महिना, सगळे धुक्यात. घाटात वाटेवर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. त्यातल्या एका टाक्याशी आम्ही वडापाव खायला बसलो. खाऊन झाल्यावर मामा फोटो काढायला पुढे गेला. टाक्याच्या वरच्या कातळावर हिरवे शेवाळ होते. मी एक टोकदार दगड घेतला, शेवाळ खरवडले आणि आपले नाव कोरले. आडनावासकट. खाली गावाचे नावही टाकले, तळवली. नीट खोल कोरले, कारण वेळ होता. आल्यावर मित्रांना अभिमानाने सांगितलेही. त्यांतले दोघे हे वाचत असतील.

या लेखासाठी गुरुजींनी मला नाणेघाटाच्या लेखांची माहिती वाचायला दिली. तिच्यात राणीचा लेख होता, आकडे होते, आणि शेवटी दोन लहान लेख होते. ते लेण्यातले नाहीत, टाक्यांवरचे आहेत. एक आहे कामवनच्या दामघोष नावाच्या गृहस्थाचा. दुसरा अगदी एका ओळीचा. सोपाऱ्याच्या गोविंददासाने दान दिलेले टाके, एवढेच त्यात आहे. टाक्याला तेव्हा पोढी म्हणत.

सोपारे म्हणजे आजचे नालासोपारे. आपण लोकलच्या पाटीवर वाचतो तेच. म्हणजे हा गोविंददास राजा नव्हता, महारठि नव्हता. बंदरावरचा कोणी व्यापारी असेल. माल घेऊन चढताना कधी उन्हाळ्यात त्याचा घसा कोरडा पडला असेल, एखादा बैल बसला असेल. मग त्याने पैसे देऊन कातळात टाके खोदवून घेतले, की मागून येणाऱ्याला पाणी मिळावे. आणि बाजूला एक ओळ लिहवून घेतली. (बैल बसल्याचे लेखात नाही, ते माझ्या मनचे आहे.)

ते वाचून माझ्या पोटात गोळा आला. घाटात टाकी बरीच आहेत. मी कुठल्या टाक्याशी बसलो होतो? मी खरवडलेल्या शेवाळाखाली काय होते? मी पाहिलेच नव्हते. पाहिले असते तरी मला ती अक्षरे न वाटता दगडावरचे ओरखडेच वाटले असते.

चार दिवस मी कोणाला बोललो नाही. मग मुलींचा सोकोत्राचा कागद तयार झाला आणि गोष्ट आणखी अवघड होऊन बसली. त्यांनी लिहिले आहे की त्या बेटावर होक नावाची एक लांबच लांब गुहा आहे. 2000-01 च्या सुमारास बेल्जियमच्या गुहा धुंडाळणाऱ्या मंडळींना तिच्या आत, काळ्याकुट्ट अंधारात, दोनशेवर लेख मिळाले. भिंतींवर, खांबांसारख्या खडकांवर, चिखलाने, कोळशाने लिहिलेले, काही कोरलेले. आणि त्यातले बहुतेक आपल्या ब्राह्मी लिपीत! काय लिहिले आहे? तर नावे. अमुक आला होता, अमक्याचा मुलगा तमुक. कोणी भडोचचा आहे. कोणी गलबताचे चित्र काढले आहे. हे सगळे इकडून गेलेले खलाशी आणि व्यापारी. वारा बदलेपर्यंत बेटावर अडकून पडलेले असणार. आज त्या नावांसाठी जगभरचे पंडित खपतात, त्यावर जाडजूड पुस्तक झाले आहे.

मी तडक गुरुजींकडे गेलो आणि सगळे सांगून टाकले. मग विचारले, “गुरुजी, त्यांनी नावे लिहिली तर तो इतिहास, आणि मी लिहिले तर गुन्हा, असे का?”

गुरुजी लगेच बोलले नाहीत. आधी त्यांनी कायद्याचे सांगितले. संरक्षित स्मारक खराब केले तर 1958 च्या कायद्याने शिक्षा आहे, आणि 2010 च्या दुरुस्तीनंतर ती दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी आहे. माझे पाय गार पडले. मग ते म्हणाले, “तुझा प्रश्न मात्र चांगला आहे. त्या खलाशांनी मोकळ्या भिंतीवर लिहिले असेल तर माझी तक्रार नाही. पण त्यातल्या कोणी आधीच्याचे नाव खोडून आपले लिहिले असेल, तर त्यालाही मी वर्गाबाहेर उभे केले असते.”

यावर आमचा बराच वाद झाला. मी म्हणालो, दोन हजार वर्षांनी माझे नावही कोणी वाचेल. गुरुजी म्हणाले, वाचेल, आणि गोविंददासाचे वाचता आले नाही म्हणून तुला शिव्या देईल. जुन्नरच्या लेण्यांत यवनांची, म्हणजे पश्चिमेकडून आलेल्या परदेशी लोकांची नावे आहेत, हेही त्यांनीच सांगितले. शिवनेरीवर इरिल नावाच्या यवनाने दोन टाकी दिल्याचा लेख आहे. म्हणजे तिकडच्या माणसाने आपल्याकडे पाण्याचे टाके दिले आणि आपल्याकडच्यांनी तिकडच्या गुहेत नावे लिहिली. माझा निम्मा प्रश्न सुटला, निम्मा राहिला. खलाशांनी तरी गुहेला काय दिले होते? गुरुजींनाही त्याचे उत्तर आले नाही, असे मला वाटते.

मी विचारले, माझे नाव घासून काढू का? ते म्हणाले, मुळीच नाही. घासले तर दगड आणखी जाईल, आणि खाली काही उरले असेल तर तेही जाईल. आहे तसे राहू दे, हात लावू नकोस.

घरी सांगितले तेव्हा आई आधी रागावली. मग आजोबांनी विचारले, “त्या टाक्यात पाणी होतं का रे अजून?” मी म्हणालो, होते. काठोकाठ. मामाने बाटलीही भरून घेतली होती. आजोबा म्हणाले, “मग गोविंददासाचं चाललंय अजून.” ते पूर्वी आपल्या खाडीत होडी घालत. गोड्या पाण्याची किंमत त्यांना कळते. आई काही बोलली नाही, पण सहलीचा कागद अजून तिने फाडलेला नाही.

आता सहलीचे. नाणेघाट ठरला तर चढ फक्त पाचवी ते सातवीच्या मुलांनी चढायचा आहे, लहान वर्गांची सहल वेगळी जाईल. पहाटे निघायचे, जेवणाचा डबा आणि दोन बाटल्या पाणी घ्यायचे, पायात बूट हवेत, चपला नकोत. माकडे फार आहेत, खाऊची पिशवी हातात धरू नये. लेण्यात भिंतीला टेकायचे नाही. गुरुजी ब्राह्मीच्या अक्षरांचा तक्ता बरोबर घेणार आहेत. पालकांनी आपले मत चिठ्ठीवर लिहून कचेरीबाहेरच्या पेटीत शनिवारपर्यंत टाकावे.

जानेवारीत घाटातले शेवाळ वाळून गळालेले असते आणि ऊन तिरपे पडते, तेव्हा दगडावरची अक्षरे नीट दिसतात म्हणे. ज्या टाक्याशी मी बसलो होतो ते मला ओळखता येईल, कारण त्याच्या वर मोठ्या अक्षरांत तळवली लिहिलेले आहे. त्याच्या खाली आणखी काही आहे का, ते मला बघायचे आहे.

— इयत्ता सातवी